पंधरा तारखेचं शून्य

मुंबई,
१८ नोव्हेंबर १९७४

नवसूभाऊ यांना महिपतीचा नमस्कार.

ओळखलंत का? दीड वर्षापूर्वी, जूनमध्ये, तुमच्या पायरवाडीच्या माळावर पाऊस मोजणारं नवं यंत्र बसवायला आलो होतो, तो मी. आठ दिवस तुमच्या घरी जेवलो आणि त्यात तीनदा चिखलात बसलो. तुमच्या कारभारणीला मी मावशी म्हणायचो; तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, "लोणावळ्याचा म्हनवतोस आन् पाय मुंबईचं लावून आलास व्हय?" ते वाक्य अजून आठवतं.

त्या यंत्रातली कागदी फीत तुम्ही दर महिन्याच्या एक तारखेला काढून पाठवता. सतरा फिती आमच्या कपाटात पडून आहेत, कारण त्या वाचणारं उपकरणच आलं नव्हतं. ते बोटीने गेल्या आठवड्यात आलं. आता ते आमच्या संगणकाला जोडायचं आहे आणि हे काम माझ्याकडे आहे.

नुसती तार जोडून भागत नाही. संगणकात एक मूळ प्रोग्रॅम सतत चालू असतो आणि बाकीची सगळी कामं त्याच्या परवानगीने चालतात. त्याला ओळखीची उपकरणं तेवढीच कळतात. अनोळखी उपकरण जोडलं तर तो त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणून त्या उपकरणाशी कसं बोलायचं हे सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहून तो मूळ प्रोग्रॅमच्या पोटात बसवावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

तो बरोबर वाचतो की नाही, हे ताडून बघायला माझ्याकडे एकच साधन आहे, तुम्ही रोज हाताने पाऊस मोजून लिहिता ती वही. जून १९७३ पासूनच्या रोजच्या आकड्यांची नक्कल पाठवाल का?

मावशींना नमस्कार सांगा. नाचणीच्या भाकरीची फार आठवण येते म्हणावं. हॉस्टेलात माझ्या खोलीतला सोबती परदेशी गेला आणि आई गेल्यापासून लोणावळ्यालाही जाणं होत नाही.

आपला,
महिपती


पायरवाडी,
४ डिसेंबर १९७४

महिपतीसायेबांस नवसूचा रामराम.

तुमचं पत्र धोंडिबा डाकवाल्यानं आनलं. तो म्हनला, नवसू, मुंबईहून ड्रायव्हर येनार हाय म्हने. मी म्हनलो, तुला कुनी सांगितलं? म्हनला, पाकीट उघडंच व्हतं. उघडं कसलं, त्यानंच उघडलं आसंल. वाडीवर आता मोटारीचा रस्ता व्हनार, आसं तो सगळ्यांस्नी सांगत सुटलाय.

नक्कल पाठवली हाय. अठरा पानं. रोज सांजच्याला दोन-दोन लिवली. मागल्या वर्साच्या नोव्हेंबरचं पान तेवढं सगळ्यात मागनं लिवलं, हात भरून आलता.

सायेब, वही बघाल तर अकरा वर्सांत एक बी रेघ न्हाई. न पाहिल्या दिवशी शून्य न लिवता रेघ वढावी, आसं नियमाच्या कागदात हाय. पर मी एक बी दिस चुकलो न्हाई. पावसाळ्यात कुनी बी मोजतं. दिवाळीपास्नं मे सरंपातुर रोज सकाळी साडेआठला नळकांडं उघडायचं, बाटली उजेडात धरायची, कोरडी हाय हे डोळ्यानं बघायचं, आन् मग शून्य लिवायचं. घरात बसून लिवल्यालं शून्य ते शून्य न्हवं. मोठं सायेब आलते तवा दुसऱ्या मोजनीवाल्यांस्नी माजी वही दावून म्हनले, बघा, ही वही.

वाडी सध्याला मोकळी हाय. समदी मानसं कामाला खाली गेल्यात. मी नि कुत्रं.

तुमचा,
नवसू


मुंबई,
२१ डिसेंबर १९७४

नवसूभाऊ यांना नमस्कार.

तुमची नक्कल टेबलावर समोर ठेवून काम करतो. अक्षर छान आहे. डाकवाल्याला सांगा, ड्रायव्हर येणार नाही, तो पेटीतच राहतो.

काम कसं चालतं ते सांगतो. तुमच्या यंत्राने दर पाव तासाला फितीवर भोकांची एक ओळ पाडलेली आहे. त्या वेळी पात्रात किती पाणी जमलं होतं, ते त्या ओळीत असतं. वाचणारं उपकरण एक ओळ वाचलं की मूळ प्रोग्रॅमला हाक मारतं. त्याने हातातलं काम तिथेच ठेवून हाकेला ओ द्यायची, ओळ उचलायची आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचं. ओ द्यायला उशीर झाला तर पुढची ओळ येते आणि आधीची पुसली जाते. कुणाला ती गेल्याचं कळतही नाही. पहिले पंधरा दिवस माझ्याकडून ओळी अशाच गळत होत्या. आता गळत नाहीत.

जून १९७३ जुळला! जुलै जुळला. ऑगस्टमधल्या त्या भयंकर दिवशी तुमच्या वहीत दोनशे एकाहत्तर आणि माझ्या कागदावर दोनशे सत्तर. मशीनच्या खोलीत मी एकटाच होतो, नाहीतर आनंदाने कुणाला तरी मिठी मारली असती. कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

एकच महिना अडला. नोव्हेंबर १९७३. तुमच्याकडे महिनाभर शून्य, आणि माझा ड्रायव्हर एका दिवशी चौदा मिलीमीटर पाऊस दाखवतो. चूक माझी आहे, शोधतो.

मावशी कशा आहेत? तुमच्या पत्रात त्यांचं काहीच नव्हतं.

आपला,
महिपती


पायरवाडी,
३० डिसेंबर १९७४

महिपतीसायेबांस रामराम.

पत्र पोचलं. वही बराबर हाय. नोव्हेंबरात शून्यच हाय. यंत्राचं काय सांगावं, ते परदेशातलं, त्याला आपला कार्तिक काय ठावा.

हितं थंडी लय पडलीया. कुत्रं चुलीम्होरनं हलत न्हाई.

एक इचारायचं व्हतं. तुमच्या यंत्रानं ते चौदा कुटल्या तारखेला दावलं?

नवसू


मुंबई,
२२ जानेवारी १९७५

नवसूभाऊ यांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तीन आठवडे त्या चौदा मिलीमीटरमागे गेले. ड्रायव्हर सगळा उसवला आणि पुन्हा लिहिला. एखाद्या भोकावर धूळ बसली असेल म्हणून फीत ब्रशने साफ केली. एखादी ओळ दोनदा मोजली जात असेल म्हणून तेही तपासलं. सहा वेळा वाचलं, सहाही वेळा चौदा.

आमचे प्रमुख म्हणाले, "अहो, तो मोजणीवालाच चुकला असेल." मी म्हणालो, "साहेब, नवसूभाऊंची वही चुकत नाही. मी त्यांच्याबरोबर आठ दिवस राहिलो आहे." ते हसले आणि म्हणाले, "मग तुमचा ड्रायव्हर चुकतो. दोघांपैकी एक निवडा."

मी तुमची वही निवडली आहे. पण बारा फेब्रुवारीला बैठक आहे. तोवर जुळलं नाही, तर हे उपकरण गुंडाळून ठेवायचं आणि फिती माणसांकडून डोळ्यांनी वाचून घ्यायच्या, असं ठरतं आहे. माझे दोन महिने त्यात गेले. त्याहून वाईट म्हणजे, मला माझ्याच कामाचा भरवसा वाटेनासा झाला आहे. जेवताना, चालताना डोक्यात तेच.

तारीख तुम्ही विचारलीत. ती चूकच असल्याने महत्त्वाची नाही, पण पंधरा तारखेच्या रकान्यात येतं ते.

मावशींबद्दल पुन्हा विचारतो आहे. रागावल्या आहेत का माझ्यावर? एवढे दिवस जेवू घातलं आणि पोरगा परत फिरकला नाही म्हणून?

आपला,
महिपती


पायरवाडी,
२८ जानेवारी १९७५

महिपतीसायेबांस रामराम.

ती कशापायी रागावंल.

सायेब, पंधराच्या रकान्यात म्हंजे चौदाच्या सकाळी साडेआठपास्नं पंधराच्या साडेआठपातुरचा पाऊस. ह्यो नियम मला ठावा हाय. त्यातली येळ कुटली? चौदाला दिसा, का रातीला, का पंधराच्या पहाटं? फितीवर पाव-पाव तासाचं आसतं आसं तुमीच लिवलंत. तेवढं बघून कळवा. लय नड हाय.

वही बराबर हाय.

नवसू


मुंबई,
३ फेब्रुवारी १९७५

नवसूभाऊ,

रागावू नका, पण तुमचं पत्र वाचून जरा वाईट वाटलं. मी इथे बुडतो आहे आणि तुम्ही न पडलेल्या पावसाची वेळ विचारता. तुम्हाला गंमत वाटत असेल. वही बरोबर असेल तर त्या पावसाला वेळ कुठून असणार?

आता मी थकलो. प्रमुखांनी एक तोड सुचवली आहे. ड्रायव्हरमध्ये एक ओळ वाढवायची: नोव्हेंबर ते मे या काळात पाण्यात अचानक उडी दिसली, तर ती टाकून द्यायची आणि आधीचाच आकडा पुढे न्यायचा. म्हणजे नोव्हेंबर तुमच्या वहीशी जुळतो, बैठक पार पडते. ती ओळ मूळ प्रोग्रॅममध्ये गेली की पुढे वाचलेल्या प्रत्येक फितीला लागू होईल. काम प्रामाणिक नाही हे मला कळतं. पण तुमच्या वहीवर माझा विश्वास आहे, तेव्हा खोटं असं काही ठरत नाही, अशी मनाची समजूत घातली आहे.

दहा तारखेला सकाळी मशीन मिळणार आहे. तेव्हा घालतो.

महिपती


तार
लोणावळा, ७ फेब्रुवारी १९७५

ओळ घालू नका. चूक वहीची. पत्र येते. नवसू


लोणावळा पोस्ट हाफिस,
७ फेब्रुवारी १९७५

महिपतीसायेबांस नवसूचा रामराम.

हितल्याच बाकड्यावर बसून लिवतोय. तार करनं जल्मात पयल्यांदा. खिडकीतला बाबू म्हनला, "कोन वारलं, आजोबा?" तारंला लोक मयताचंच इचारतात. मी म्हनलो, वारून सवा वरीस झालं.

तुमची मावशी न्हाई सायेब. माजी पुतळा गेली.

नऊ नोव्हेंबरला सकाळी मी पाऊस बघून आलो, शून्य लिवलं, तर ती चुलीम्होरं आडवी. झोळीत घालून चौघांनी खाली लोणावळ्याला आनली, तितनं पुन्याला मोठ्या दवाखान्यात. माजी लेक चंपा घोरावाडीला दिल्याली हाय, जावई देहूरोडला डेपोत. त्यांच्याकडं ऱ्हायलो आन् रोज शटल गाडीनं पुन्याला जायचो. पंधराच्या पहाटं ती गेली. तितंच सगळं केलं. वाडीवर यायला ईस तारीख झाली.

धा ते ईस, अकरा सकाळी मी मोजनीला न्हवतो.

ईसला सांजच्याला आलो ते घरात गेलोच न्हाई. घरात जायाचं धाडस व्हईना. सरळ माळावर गेलो, नळकांडं उघडलं. बाटलीत पानी व्हतं, सायेब. दोन बोटं. मी नसताना कवातरी पाऊस पडलाता. कुटल्या दिसाचा ते कसं कळावं? नियमानं सगळ्यांम्होरं रेघ वढून खाली खुलासा लिवायला पायजे व्हता. पर अकरा वर्सांची वही, तिच्यात रेघ न्हाई. तवा मला वाटलं, एवढं एक तरी धड ऱ्हाऊ दे. मी ते पानी न मोजता कुंपनाभाईर वतलं आन् अकरा शून्यं लिवली. घरात बसून लिवली. तुमास्नी नक्कल लिवताना ती परत लिवली. एकच खोटं दोनदा.

तुमी मावशीला इचारत ऱ्हायला. ती न्हाई म्हनून लिवलं तर तारीख सांगावी लागंल, आन् तारीख सांगितली तर वही उघडी पडंल. म्हनून गप ऱ्हायलो. तुमाला तितं तरास व्हतोय हे कळत व्हतं. तरी गप ऱ्हायलो.

आता येळ का इचारत व्हतो ते सांगतो. गंमत न्हवती. चौदाला चारच्या टायमाला दवाखान्यात च्या आला. मी कप तिच्या तोंडाशी धरला. ती खिडकीकडं बघत म्हनली, "आपल्याकडं पाऊस आलाय. माळावर पडतोय." भाईर पुन्याचं कडक ऊन. मी म्हनलो, "न्हाई गं. कार्तिकात कसला पाऊस, गप पड." ती पडली गप. मग बोललीच न्हाई. माजं तेवढंच बोलनं तिला शेवटचं.

बाटलीतलं पानी बघितल्यापास्नं मला एकच लागून ऱ्हायलंय. ते कवा पडलं? तुमच्या यंत्राबिगर हे सांगनारं कोन न्हाई. तुमी ती ओळ घातली आसती तर ते बी गेलं आसतं.

बैठकीत माजं नाव सांगा. वहीचं बी सांगा. त्यात लपवायचं काय न्हाई. मला फकस्त येळ कळवा.

नवसू


मुंबई,
१४ फेब्रुवारी १९७५

नवसूभाऊ,

तार दहा तारखेच्या आत मिळाली. पत्र बैठकीच्या दिवशी सकाळी मिळालं. मशीनच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. मावशींबद्दल काय लिहू? मी तीन-तीन पत्रांत त्यांची चौकशी करत बसलो. क्षमा करा.

आधी तुमचं काम. फीत उपकरणातून काढून मी स्वतः डोळ्यांनी वाचली. ड्रायव्हरलाही वाचायला दिली. दोघांचं एक आलं.

चौदा नोव्हेंबर. दुपारी तीनपर्यंत पात्रातलं पाणी जसंच्या तसं. सव्वातीनच्या ओळीत पहिला एक मिलीमीटर. मग साडेतीन, पावणेचार, चार, सव्वाचार, प्रत्येक ओळीत चढत गेलेला. साडेचारला पाऊस थांबला, एकूण चौदा. चार वाजता माळावर सगळ्यात जोराचा पाऊस चालू होता.

त्या दुपारचा फितीचा तुकडा सोबत पाठवतो आहे. मूळ फीत कापता येत नाही, म्हणून भोकाला भोक जुळवून दुसरी पाडून घेतली. बाणाची खूण केली आहे ती चारची ओळ.

बैठकीत खरं तेच सांगितलं. माझा ड्रायव्हर मान्य झाला, मूळ प्रोग्रॅममध्ये कायमचा बसला. ती वाढीव ओळ घातली नाही. तिच्या जागी दुसरी एक घातली. उपकरणाकडून ओळ आलीच नाही, तर ड्रायव्हरने शून्य समजायचं नाही, रेघ लिहायची. हे तुमच्या नियमाच्या कागदावरून घेतलं.

आता जे लिहायला हात होत नाही ते. यंत्र एकटंच पुरेसं भरवशाचं आहे असं ठरलं. एक एप्रिलपासून पायरवाडीची रोजची मोजणी बंद. महिन्याला फीत बदलायचं काम तुमच्याकडेच राहील. तसं पत्र तुम्हाला येईल. मी म्हणालो, ज्या माणसाने आपली चूक आपण होऊन सांगितली त्याचीच वही राखायला हवी. त्यावर थेट पुढचा विषय निघाला. माझं काम पार पडलं आणि तुमचं गेलं, हे माझ्या मनातून जात नाही.

आपला,
महिपती


पायरवाडी,
२ एप्रिल १९७५

महिपतीसायेबांस नवसूचा रामराम.

हाफिसचं पत्र आलं. मनाला लावून घेऊ नका. तुमी काय वाईट केलं न्हाई. वहीत अकरा शून्यांवर काट मारली. त्यातल्या धा दिसांम्होरं रेघा वढल्या. पंधराच्या रकान्यात चौदा लिवलं, शेजारी सही केली, आन् वही हाफिसात जमा केली. बाटली नि मापाचा गलास बी नेला त्यांनी. नळकांड्याच्या जागी माळावर गोल खड्डा ऱ्हायलाय.

काल पयला दिस. साडेआठला पाय आपसूक माळावर गेलं. तुमचं यंत्र आत टिकटिक करत व्हतं. त्याच्याजवळ उगं हुबा ऱ्हायलो. पाव तास झाला, आत खट् झालं, एक ओळ पडली. मी घरला आलो. आज बी गेलो.

फितीचा तुकडा पोचला. पुतळाच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवलाय. मला त्यातलं वाचता येत न्हाई, पर बोट फिरवलं की भोकं लागतात. बाणापाशी जरा दाट हायेत. तितं चार वाजल्यात. तितं मी तिच्या तोंडाशी कप धरलाय आन् ती पाऊस आलाय म्हनतीया.

पाऊस आलाता, सायेब. तिचं खरं व्हतं. तवा मी न्हाई म्हनलो. आता व्हय म्हनायचं हाय तर हितं ऐकायला कोन न्हाई, म्हनून तुमास्नी कळवलं.

नवसू